भरलेली भिंत, रिकामा डबा

कुण्या एका काळी, कुण्या एका गावात एका बाईनं तेलाचा नवा घाणा घातला. घाण्याला चांद्या नावाचा एकच बैल. रोज सकाळी गावातल्या बाया वाटी घेऊन यायच्या, नाणं द्यायच्या, तेल न्यायच्या. नाणी डब्यात पडायची आणि बाजाराच्या दिवशी त्याच नाण्यांचे तीळ यायचे. फार शिल्लक नव्हती, पण घाणा फिरत होता.

पौषात राजवाड्याचा कारभारी दारात आला. "गडाच्या पायऱ्यांवर रोज दिवे लागणार आहेत. तुझं सगळं तेल आम्हाला दे. भाव दुप्पट."

दुप्पट! तेलिणीनं पुढचं काही विचारलंच नाही. विचारायला काय जीभ झडली होती मेलीची?

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, तर ही दारातूनच म्हणाली, "आता तेल राजवाड्याचं. तुम्ही दुसरीकडे बघा."

"का गं, आमची नाणी खोटी झाली का?" शेजारच्या फुटाणेवालीनं विचारलं.

"खोटी नाही, चिल्लर झाली!"

तेलाचे बुधले गडावर जाऊ लागले. एक बुधला गेला की तेलीण भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे कमाई, असं तिचं गणित. माघ संपता संपता भिंत भरली.

आणि एका बाजारच्या दिवशी तिळवाला पोती घेऊन आला. तेलिणीनं डबा उघडला आणि ती किंचाळली. आत एकही नाणं नाही!

"चोरी! अहो, चोरी झाली!"

गाव धावला. चूल उकरली, फडताळ उपसलं. चोराचा पत्ता नाही. तेव्हा फुटाणेवाली म्हणाली, "अगं बाई, दर बाजाराला तू यातून काढत होतीस. दोन महिन्यांत टाकलंस कधी?"

तेलिणीनं डबा उलटा करून आपटला. जन्मात एवढं तेल विकलं नव्हतं, आणि घरात मीठ आणायला पैसा नव्हता!

"पण ही भिंत बघा की, दादा," ती तिळवाल्याला म्हणाली.

"बघितली. रेघा झकास आहेत. पोरांना ताटात वाढू का?" त्यानं पोती परत गाडीत टाकली.

ती धापा टाकत गडावर गेली. कारभारी हसला. "आमच्याकडे सगळ्यांचे पैसे गुढीपाडव्याला. राजा कुणाचा छदाम बुडवत नाही."

"पण बैल आज उपाशी आहे, कारभारी!"

"मग पाडव्याला ये."

तीळ नाहीत म्हणून तेल नाही, तेल नाही म्हणून पेंड नाही. चांद्याच्या फासळ्या दिसू लागल्या. तेलाची नाणी आधी मागायला तेलीण बायांच्या दारी गेली, तर त्यांनी शेजारच्या गावचा घाणा धरला होता. शेवटी घाटाखाली निघालेल्या तांड्याला तिनं चांद्या विकला. जाताना तो सवयीनं घाण्याभोवतीच वळला. दोरी ओढून त्याला सरळ न्यावं लागलं.

पाडव्याला थैली आली. पैसा न् पैसा चोख, वर खण-नारळ. तेलीण थैली मांडीवर घेऊन बंद घाण्यापुढे बसली. कुणी लुटलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, आणि तरी बैल गेला होता!

त्या पैशांतून तिनं दुसरा बैल आणला. त्याला नाव ठेवायचं धाडस तिला झालं नाही.

पुढच्या पौषात कारभारी पुन्हा आला. तेलीण म्हणाली, "निम्मं तेल गावाचं, निम्मं तुमचं. आणि तुमच्या तेलाचे अर्धे पैसे आज, आत्ता, इथं."

"राजाकडे आगाऊ मागतेस?" कारभाऱ्यानं आ वासला.

"राजाकडेच मागते. गरिबाकडे मागून काय मिळणार?"

गाव दारात गोळा झाला. आता हिचा घाणा जप्त होणार! आणि कारभाऱ्यानं काय करावं? कमरेची पिशवी सोडली आणि मुकाट्यानं अर्धे पैसे मोजून दिले. आजवर कुणी मागितलेच नव्हते!

तात्पर्य: धंद्यात 'किती मिळणार' हे कळून भागत नाही, 'कधी मिळणार' हे आधी विचारावं; आणि ज्याला ते विचारायची लाज वाटते, त्यानं घाणा घालूच नये.