मेणकापडाच्या खुर्च्या

फार पूर्वी, जेथे ढग दारातून आत येत आणि खिडकीतून बाहेर जात, अशा एका डोंगरमाथ्यावरील गावात द्वारका नावाची एक गृहिणी राहत असे. तिच्या स्वयंपाकघरात शिसवी मेज होते आणि मेजाभोवती मखमलीच्या बैठकीच्या खुर्च्या होत्या. ती मखमल इतकी मऊ होती की तिच्यावरून बोट फिरवले, तरी बोटाची वाट मागे उमटून राही.

द्वारकेचा थोरला भाऊ वरच्या वाडीत एकटाच राहत असे. दर बाजाराच्या दिवशी तो काठी टेकीत खाली येई आणि बहिणीकडे जेवून परत जाई. पुढे वयोमानाने त्याचे हात कापू लागले. एकदा त्याच्या वाटीतील कोकमाचे सार मखमलीवर सांडले. द्वारकेची नजर प्रथम त्या डागाकडे गेली, आणि ती भावाने पाहिली.

तेव्हापासून तो ओसरीवरच बसू लागला. "मला बाहेर वाऱ्यावर बरे वाटते," असे म्हणून तो ताट मांडीवर घेई. आत रिकाम्या खुर्चीसमोर द्वारका एकटी जेवे.

अखेर तिने गादीवाल्याला बोलावले. त्याने खुर्च्या अंगणात उलट्या मांडल्या, जुने खिळे उपसले, मखमल सोलून काढली आणि आतला दबलेला काथ्या पिंजून पुन्हा भरला. मग त्यावर जांभळाच्या रंगाचे गुळगुळीत मेणकापड ताणले, कोपऱ्यांना दुमडी घातल्या आणि चुका ठोकल्या.

"आता डाग राहणार नाही ना?" द्वारकेने विचारले.

"वहिनी, सार सांडा, ताक सांडा, भांडण झाले तर अख्खे पातेले ओता," गादीवाला म्हणाला. "ओले फडके फिरवले, की काही घडलेच नाही असे समजा."

द्वारकेला हे वाक्य फार आवडले. तिने एक फडके ओले करून खांद्यावर टाकले, ते तेथेच राहू लागले. थेंब पडला, की ती पुसे. पुढे तर कोणी नुसते उठले, तरी पुसू लागली. पुसल्यावर ती बैठक अशी चकाके, जणू तिच्यावर कधी कोणी बसलेच नव्हते.

शेजारीण चहाला आली होती. पडलेला चमचा उचलण्यासाठी ती जराशी उठली, तोच तिच्यामागे फडके फिरले. पुन्हा बसताना ओलावा लागला, तशी ती म्हणाली, "द्वारकाबाई, पूर्वी तुमच्या खुर्चीवर बसायची भीती वाटे. आता उठायची वाटते."

द्वारका हसली. तिला ती स्तुतीच वाटली.

बाजाराच्या दिवशी भाऊ आला. तिने त्याचा हात धरून त्याला मेजापाशी बसवले. कितीतरी काळाने बहीणभाऊ समोरासमोर जेवले. सार सांडलेच; पण तो सुखाने जेवत राहिला. जेवण आटोपून तो परसात आचवण्यास गेला. चूळ भरून मागे वळतो, तर दारातून त्याला दिसले, की बहीण त्याची जागा घासून घासून पुसत आहे.

तो उंबऱ्यातच थांबला. "द्वारके," तो हळूच म्हणाला, "अगं, माणूस वळणाआड गेल्याशिवाय आपल्याकडे केरसुणीलाही हात लावीत नाहीत. मी तर अजून विडाही खाल्ला नव्हता."

त्याने काठी उचलली. पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

एके दिवशी दुपारी द्वारका वाट पाहत मेजापाशी बसली असता ढग आत आला. भिंती विरघळल्या, मेजाच्या कडा पुसट झाल्या. डोळा लागला की नाही, हे तिला कळले नाही. तिला दिसले, की खुर्च्या एकेक करून उठल्या आहेत आणि पावलांचा आवाज न करता दाराकडे निघाल्या आहेत.

"कुठे निघालात गं?" तिने विचारले.

"जे आमच्यावर बसत, त्यांच्याकडे," सर्वांत मागची खुर्ची म्हणाली. "येथे आमच्यावर कोणी बसले होते, याची खूणच उरत नाही. आम्हांला फार गार वाटते."

आणि ती धुक्यात वरच्या वाडीची वाट चढू लागली.

ढग खिडकीतून निघून गेला, तेव्हा खुर्च्या जागच्या जागी होत्या. द्वारकेने त्यांपैकी एकीवर तळहात ठेवला. ती खरोखरच गार होती.

ती तशीच उठून वरच्या वाडीला गेली. भाऊ अंगणात कुळीथ पाखडीत होता.

"दादा, जेवायला चल."

"ओसरीवर वाढणार असशील, तर येतो."

"मेजावर वाढणार आहे. आणि तू बसशील त्या खुर्चीकडे मी पाहणारसुद्धा नाही."

"बघू या," भाऊ म्हणाला आणि त्याने काठी शोधली.

त्या दिवशीही सार सांडले. एक लालसर ओघळ बैठकीवरून कडेपर्यंत गेला आणि थेंबाथेंबाने खाली टपकू लागला. द्वारकेचा हात आपोआप खांद्याकडे गेला. भाऊ घास हातात धरून थांबला होता. तिने फडके खाली काढले, मागे चुलीपाशी ठेवले आणि पळी उचलली.

"दादा, आणखी सार वाढू?"

भावाने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग वाटी पुढे केली. "वाढ. निम्मे मला, निम्मे खुर्चीला. तीही उपाशीच दिसते."

दोघेही हसले. मग लहानपणच्या गोष्टी निघाल्या, विडे झाले, आणि ढग येऊन दोघांमध्ये बसला, तरी बोलणे संपेना.

संध्याकाळी भाऊ निघाला. तो वळणाआड केव्हा गेला, हे धुक्यात कळेना. म्हणून काठीचा आवाज थांबल्यावरही द्वारका बराच वेळ दारात उभी राहिली. आत आली, तेव्हा सार पार सुकले होते. तिने फडके ओले करून एकदाच फिरवले. डाग निघून गेला. तिने त्या बैठकीवर तळहात ठेवला. ती अजून उबदार होती.

तात्पर्य: डाग थांबू शकतो, दुखावलेला माणूस थांबत नाही, यास्तव नजर आधी माणसाकडे जावी, मग त्याच्या आसनाकडे.