सोवळ्यातले फडके

एकदा एका पेठेच्या गावात भर दुपारी एकेचाळीस माणसे तृप्त होऊन पंगतीतून उठली, आणि सूर्य मावळायच्या आत एकेचाळीसच्या एकेचाळीस अंथरुणाला खिळली. वांत्या, जुलाब, हातापायांत गोळे. एका वृद्ध शिक्षकांची तर दोन दिवस शुद्ध हरपली होती. सगळी वाचली हे खरे, पण गाव हादरले ते हादरलेच. कारण ही माणसे कुठल्या रस्त्यावरच्या टपरीवर जेवली नव्हती. ती जेवली होती गावातल्या सर्वांत नामांकित भोजनगृहात. 'सोवळ्यातील शुद्ध भोजन' अशी पाटी त्याच्या दारावर होती, आणि त्या पाटीवर लोकांची जवळजवळ देवावर असते तेवढी श्रद्धा होती.

भोजनगृहाचा मालक एक व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत त्याचे तोंड पार उतरले होते. नदीपलीकडे एक ज्ञानी वृद्ध राहत. गावातले तंटे त्यांच्या शब्दाने मिटत. व्यापाऱ्याने त्यांना निरोप धाडला. वृद्धांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी आधी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्य तिशी ओलांडलेला, विद्वान, चौकस, आणि आपण चौकस आहोत याची पुरेपूर जाणीव असलेला.

शिष्याने पाहणी केली. समोरचे दालन आरशासारखे लख्ख होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगोळी, आत देवाची तसबीर, तसबिरीला ताजा हार. मुख्य आचारी पहाटे चारला थंड पाण्याने स्नान करून रेशमी सोवळे नेसत आणि नंतर दिवसभर कुणाला शिवत नसत. त्यांना सगळे 'महाराज' म्हणत. महाराजांनी शिष्यालाही आधी आंघोळ करायला लावली, मग उंबऱ्याच्या आत दोन पावले येऊ दिले आणि बजावले, "लांबूनच बघा हं, कशाला हात लावू नका." शिष्याला या कडकपणाने भरून आले. त्याने लांबूनच नमस्कार केला.

मग तो मागल्या अंगणात गेला, आणि त्याने नाकाला उपरणे लावले. तिथे भांडी घासायची मोठी मोरी होती. खरकट्याचा ढीग, घोंघावणाऱ्या माश्या, कावळे, राखेने काळे झालेले हात, गुडघ्यापर्यंत ओले लुगडे. घासणाऱ्या चार बायकांची मुकादम होती हौसाबाई. चौदा वर्षे तिने त्या घराची भांडी घासली होती, पण स्वयंपाकघराचा उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. तसा नियमच होता. आचारी खरकटी भांडी मागल्या पायरीवर आणून ठेवत. हौसाबाई ती घासून त्याच पायरीवर पालथी घाली. मग महाराज त्यांवर पाणी शिंपडून ती शुद्ध करून आत नेत.

"दोष तुझ्या हातांत आहे, असं मला वाटतं," शिष्य तिला म्हणाला. "तुला काय म्हणायचंय?"

हौसाबाईने मान खाली घातली. बराच वेळ ती आपल्या हातांकडे बघत राहिली, पण एक शब्द बोलली नाही. शिष्याने तो कबुलीजबाब समजला.

निकाल झाला. हौसाबाईने दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत काम सोडायचे, आणि व्यापाऱ्याच्या चाळीतली तिची खोलीही सोडायची. एकेचाळीस माणसांना आजारी पाडणारे हात, असा शिक्का बसल्यावर गावात दुसरे कुणी तिला दारात उभे करणार नव्हते, हे सांगायला कुणा ज्ञानी माणसाची गरज नाही. साठीला आलेली बाई, मागे-पुढे कुणी नाही. ती जाणार तरी कुठे, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाही पडला नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त चीड येते ती इथे.

शिष्य नदीपलीकडे परतला आणि त्याने सगळे रंगवून सांगितले. वृद्ध डोळे मिटून ऐकत होते.

"पंगत ताटांवर होती की पानांवर?" त्यांनी विचारले.

"केळीच्या पानांवर, गुरुजी."

"मग त्या बाईने घासलेलं काय होतं?"

"पातेली, पळ्या, पाण्याची भांडी."

"पाणी तर गावातले सगळेच तिथे पितात, येणारे-जाणारेसुद्धा. ते आजारी पडले?"

शिष्य थबकला. "नाही."

"पातेल्यांत काय शिजलं?"

"भात, वरण, दोन भाज्या."

"उकळलेलं. आणि न उकळलेलं काय होतं पानात?"

"श्रीखंड," शिष्य म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "पण गुरुजी, श्रीखंडाचं पातेलं बाहेर जातच नाही. ते अगदी कडक सोवळ्यातलं. महाराज स्वतःच्या हाताने ते आतल्या आत विसळतात."

"चक्का कशात टांगतात?"

"ते... मी पाहिलं नाही. हात लावायची मनाई होती."

वृद्धांनी काठी घेतली, आणि गुडघे दुखत असतानाही दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले.

गावात पोचल्यावर मात्र त्यांनी शिष्याला चकित केले. ते पुढच्या दाराने गेलेच नाहीत. मागल्या गल्लीत एका दगडावर टेकून घटकाभर ते मोरीकडे पाहत बसले. सकाळच्या न्याहारीची भांडी घासून झाली. खरकटे टोपलीत भरून एक बाई लांब टाकायला गेली. हौसाबाईने खराट्याने फरशी घासली, कढत पाणी ओतले, पुन्हा घासली, पुन्हा ओतले. तो तिचा तिथला शेवटचा दिवस होता, तरी फरशीचा एक कोपरा सुटला नाही. एक माशीही उरली नाही. पितळेची पातेली उन्हात पालथी पडून झळकत होती.

दुपारी व्यापाऱ्याने वृद्धांसाठी खास पान मांडले. चंदनी पाट, भोवती रांगोळी, चांदीचा तांब्या. महाराज स्वतः वाढायला उभे राहिले. गावातली बडी मंडळी आणि आजारातून उठलेली काही माणसे भोवती जमली होती. वृद्ध पाटावर बसले. मग अचानक उठले, कोरे पान उचलले आणि काठी टेकत टेकत चालू लागले. सगळे चक्रावून मागे गेले. वृद्ध मागल्या दाराने अंगणात उतरले, मोरीच्या ओल्या फरशीवर पान मांडले आणि तिथेच मांडी घातली.

"बाई, तुझ्या गाठोड्यात भाकरी आहे?" त्यांनी हौसाबाईला विचारले.

हौसाबाईचा हात तोंडावर गेला. "बाबा, माझी भाकर? तुम्ही?"

"भूक लागलीय. वाढ."

तिने अर्धी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी त्या पानावर ठेवली. वृद्ध मुकाट्याने खाऊ लागले. व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. महाराज संतापाने कापत होते. "गुरुजी, हा काय अनर्थ! मोरीत बसून जेवता? माझ्या हातचं अन्न सोडून?" शिष्याला तर भूमी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावे, असे झाले. वृद्धांनी भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला, पाणी प्यायले, आणि मग मान वर केली.

"महाराज, चक्का टांगायचं फडकं घेऊन या."

"ते सोवळ्यातलं आहे. बाहेर येत नाही ते."

"आज येईल," वृद्ध म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण महाराज आत गेले आणि ते फडके घेऊन आले. चुलीमागच्या खुंटीवर ते वाळत असे. लांबून ते साधे मळकट फडके दिसत होते. वृद्धांनी ते हौसाबाईच्या हातांत द्यायला सांगितले. महाराजांनी लांबूनच ते तिच्या ओंजळीत टाकले. तिने ते नाकाशी नेले आणि एकदम मान मागे फेकली. मग काही न बोलता तिने ते कढत पाण्याच्या घमेल्यात सोडले.

पाणी हळूहळू हिरवट पिवळे झाले. वर तेलकट तवंग आला. फडक्याच्या विणीतून पांढरे बुळबुळीत थर सुटून तरंगू लागले, आणि असा आंबूस कुजका दर्प सुटला की बघणाऱ्यांतली दोन माणसे तोंड दाबून भिंतीकडे पळाली. त्या दोघांनी त्या दिवशी श्रीखंड दोनदा मागून घेतले होते.

"महाराज," हौसाबाईने हळूच विचारले, "ह्ये शेवटचं उकळलं कधी?"

"सोवळ्याचं वस्त्र कुणी उकळतं का? थंड पाण्यातून काढतो मी रोज."

"किती वर्सं?"

"माझ्या हाती सहा वर्षं. त्याआधी माझ्या वडिलांच्या."

कुणीतरी "अरे देवा" म्हणाले. व्यापारी मटकन पायरीवर बसला.

"बाई, आता तू आत जा," वृद्ध म्हणाले, "आणि काय दिसतं ते सांग."

हौसाबाई उंबऱ्याशी अडखळली. चौदा वर्षांची सवय पायांना अशी एका शब्दाने सोडत नाही. तिने व्यापाऱ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. ती आत गेली. पाट सरकवल्याचा आवाज आला, मग फळी ओढल्याचा, आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती.

"पाटाखाली झुरळांची पिल्लं हायेत, मालक. खवणीच्या दात्यांत खोबरं कुजून काळं पडलंय. चुलीमागची भिंत नखाने खरवडली तरी बोटभर किटण निघंल." ती थांबली. "हितं रांधून तुम्ही लोकांना वाढत व्हता? मी माझ्या एकटीपुरतं सुदिक हितं रांधलं नसतं."

महाराज म्हणाले, "मी पहाटे चारला उठून थंड पाण्याने आंघोळ करतो हो. एक दिवस चुकवला नाही."

"त्यात मला मुळीच शंका नाही," वृद्ध म्हणाले. "पण फडक्याला आंघोळ कोण घालतं?"

मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेटजी, जिथे अन्न शिजतं तिथे मळ येणारच, त्यात लाज नाही. मोरीत तो येतो हे सर्वांना मान्य आहे, म्हणून मोरी दिवसातून चार वेळा धुतली जाते. तुमच्या स्वयंपाकघरात तो येऊच शकत नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंत, म्हणून तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतो. ज्यांना धुता येतं त्यांना आत यायची बंदी, आणि ज्यांना आत जायची मुभा त्यांना घासायची लाज. मग धुणार कोण? मी या साऱ्या घरात निर्धास्तपणे जेवता येईल अशी जागा शोधली. मला ही एकच सापडली."

महाराजांनी खांबाला पाठ टेकली आणि ते हमसून रडू लागले. आजारी पडलेल्या एकेचाळिसांत त्यांची सख्खी बहीण होती, हे तोवर कुणाच्या लक्षातही आले नव्हते. तिच्या पानात श्रीखंड त्यांनी स्वतः आग्रहाने वाढले होते.

व्यापारी उठून हौसाबाईसमोर आला. हात जोडावेत की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने ते जोडले. "हौसाबाई, तू जाऊ नकोस."

"ऱ्हाईन मालक. पण मला उंबऱ्याच्या आत येऊ द्यावं लागंल. आतलं आतनंच घासावं लागतं. आन्‌ महाराजांनाबी माझ्यासंगं घासायला बसावं लागंल, मी एकटी किती पुरी पडू?"

महाराजांनी डोळे पुसले आणि मान डोलावली.

शिष्य इतका वेळ एका बाजूला दगडासारखा उभा होता. आता तो पुढे आला. "बाई, मी तुझ्यावर आळ घेतला तेव्हा तू गप्प का राहिलीस? नाही म्हणाली असतीस तर..."

हौसाबाईला या प्रश्नाचे नवल वाटले. "नाही कसं म्हणू? मला तरी कुटं खात्री व्हती? एवढी माणसं पडली म्हटल्यावर माझाच जीव उडाला. वाटलं, एखाद्या भांड्याच्या कानाखाली माझ्याच हातनं काही ऱ्हायलं असंल. त्या सांजंला समदी भांडी मी पुन्यांदा घासली. तीन डाव. तरी डोळा लागला न्हाई."

वृद्ध काठीच्या आधाराने उठले आणि शिष्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"ऐकलंस? शेटजींना स्वतःविषयी शंका आली नाही. महाराजांना आली नाही. तुलाही आली नाही. एकेचाळीस माणसं पडल्यावर आपलेच हात पुन्हा तपासणारी एकच व्यक्ती या घरात होती, आणि आपण तिलाच बाहेर काढायला निघालो होतो."

त्याच दुपारी शिष्य गावात निघाला. एकेचाळीस माणसांच्या घरी एकेक करून जायचे त्याने ठरवले होते, कारण हौसाबाईवरचा आळ त्याच्या तोंडून गावभर गेला होता. पहिले घर त्या वृद्ध शिक्षकांचे होते. ते अजून अंथरुणावरच होते, पण आवाजात धार परत आली होती. शिष्याने दारातूनच सांगितले, की भांडी घासणाऱ्या बाईचा काहीही दोष नाही.

"मग दोष कुणाचा?" शिक्षकांनी विचारले.

"पहिला माझा," शिष्य म्हणाला. "बाकीचा सांगतो. आत येऊ का?"