तुळाजी बुरुडाचा सा

सोनसळ्याच्या ओढ्याकाठी मठी बांधून औदुंबर महाराज राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. रोज सांजेला भजन चाले. टोपल्या विणणारा तुळाजी बुरूड महाराजांच्या पायाशी बसून एकच सूर धरी. महाराजांनीच सांगितलं होतं, "तू नुसता सा धर बाबा. बाकी माझ्याकडे लागलं." तेव्हापासून गड्यानं सा जो धरला, तो सोडायचं नाव नाही.

उत्सवाला धुंडिराजबुवा गवई आले. तुळाजीचा सूर ऐकून म्हणाले, "महाराज, ही म्हैस कुणाची?" सगळी मंडळी फिदीफिदी हसली. बुवांना आणखी चेव आला. "उद्या यानं माझ्या तंबोऱ्याशी सा मिळवावा. नाही जमलं, तर भजनातून उठावं."

तुळाजी महाराजांजवळ सरकला. दिवसभर बांबू सोलायचे ते या घटकाभराच्या आशेवर. "महाराज, ही जागा गेली तर मी बसू कुठं?"

महाराज म्हणाले, "तू सा धर. जागेचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी बुवांनी तंबोरा चढवला, आणखी चढवला. खरं तर ज्याचा सा त्याच्या गळ्यात. तंबोरा गळ्याशी जुळवायचा असतो. बुवांना हे पक्कं ठाऊक. पण उंच सुराला लोक माना डोलावत, म्हणून स्वतःच्या गळ्यालाही न झेपणारा सा लावायची त्यांना खोड जडली होती.

"हं, येऊ द्या तुळाजीशेट."

तंबोरा आढ्याला, तुळाजीचा सा जमिनीवर. मंडळी पोट धरून हसली. तुळाजीनं डोळे मिटून महाराजांना आठवलं आणि आपला सा तसाच धरून ठेवला.

तोच कुर्रर्र! खुंटी आपोआप फिरली. मग दुसरी. एकेक तार उतरली आणि अलगद तुळाजीच्या सुरात जाऊन बसली. बुवांनी खुंट्या पिळल्या; हात काढला की पुन्हा कुर्रर्र.

"बुवा, दावं धरा, तुमचीच म्हैस सुटली बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

आता मात्र कुणी हसेना. तंबोरा पुरता जुळला की आपसूक उमटणारा, कुणीच न छेडलेला गंधार तारांमधून घुमत होता. मठी भरून गेली.

महाराज हळूच म्हणाले, "बुवा, तुमचा स्वतःचा सा कोणता हो?"

बुवांनी तंबोरा खाली ठेवला. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी तुळाजीकडे बोट दाखवलं.

"अहो, नको नको," तुळाजी गडबडून बाजूला सरकला, "बसा की इथं, दोघं मावतो."

बुवांनी आधी त्याच्या पायांना हात लावला. मग खाली मान घालून शेजारी टेकले आणि हलक्या आवाजात स्वतःचा सा चाचपू लागले.