चाकांशिवाय गाडी

देवबा कुंभाराने रायशेटच्या दुकानात नव्या बैलगाडीचा विसार दिला. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गाडी न्यायला गेला, तर दारात नुसता साटा ठेवलेला. म्हणजे बसायच्या फळ्यांची चौकट तेवढी. ना चाकं, ना जू.

“शेट, बाकीची गाडी कुठाय?” देवबाने विचारलं.

“हीच की गाडी. साठ रुपये गाडीचे ठरले होते. चाकांचे तीस वेगळे. जुवाचे दहा. वंगणाचे तीन. दुकानातून बाहेर काढायची निघाई पाच. आणि नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची, तिचे दोन.”

“लिंबू-मिरची आमची आम्ही बांधू,” देवबाची लेक येसू म्हणाली.

“तसं चालत नाही. ती गाडीबरोबर घ्यावीच लागते.”

“अस्सं. चाकं गाडीबरोबर येत नाहीत, मिरची मात्र येते?”

देवबा विसार परत मागू लागला, तेव्हा रायशेटने बोट राजवाड्याकडे दाखवलं. एकदा दिलेला विसार परत नाही, हा खुद्द राजाचा कायदा होता.

देवबा खचला. दिवाळी तोंडावर आलेली. अंगणात पणत्यांचे ढीग लागलेले, आणि जुन्या गाडीच्या चाकांचा आख तडकलेला. त्या गाडीत भरून पणत्या शहरात नेल्या असत्या, तर वाटेतच त्यांची खापरं झाली असती. आणि पणत्या दिवाळीनंतर कोण घेतो?

“बाबा, तुम्ही घरी जा,” येसू म्हणाली. “मी राजाला भेटून येते.”

भुजंगराजे मनाने वाईट नव्हते, पण हट्टी होते. बाजाराचे कायदे त्यांनी स्वतः बसून केले होते आणि त्यात खोट निघू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. येसूचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“रायशेट गाडी विकतो म्हणाला. चाकं विकतो असं म्हणाला का?”

“नाही, महाराज.”

“मग त्याने फसवलं कुठे?”

“महाराज, चाकांशिवाय गाडी होते तरी कशी?”

“हे तू म्हणतेस. रायशेटने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मग मी मानेन. पण त्याला धमकावायचं नाही, पैसे चारायचे नाहीत, हातापाया पडायचं नाही. जमलं तर त्याची खोड मी मोडीन. नाही जमलं, तर वर्षभर राजवाड्यात मडकी फुकट घालायची. आहे कबूल?”

दरबारातले लोक हसले. स्वतःच्या गळ्याला फास लागेल असं वाक्य रायशेट कशाला बोलेल?

वर्षभर फुकट मडकी म्हणजे घरात चूल पेटायची पंचाईत. तरी येसू म्हणाली, “कबूल. फक्त परवाच्या बाजारात महाराजांनी स्वतः यावं. घोंगडी पांघरून, कुणाला न कळता.”

बाजाराच्या दिवशी रायशेटचा माणूस नेहमीसारखा दुकानापुढे ओरडत होता, “जुनी गाडी द्या, वीस रुपये घ्या! मोडकी असो, तुटकी असो, रोख वीस रुपये!” जुन्या गाड्या अशा स्वस्तात घ्यायच्या, रंग द्यायचा आणि दामदुपटीने विकायच्या, हा रायशेटचा दुसरा धंदा.

तेवढ्यात गर्दीत हशा पिकला. येसूचे चार चुलतभाऊ देवबाच्या जुन्या गाडीचा साटा पालखीसारखा खांद्यावर घेऊन येत होते. पुढे येसू, मागे मान खाली घातलेला देवबा. भावांनी साटा दुकानाच्या पायरीवर धप्पकन ठेवला.

“शेट, जुनी गाडी आणलीय. वीस रुपये काढा,” येसू म्हणाली.

रायशेटने साट्याभोवती एक फेरी मारली. “चाकं कुठायत?”

“घरी ठेवलीत.”

“आणि जू?”

“तेही घरीच.”

“मग वीस रुपये कशाचे?”

“गाडीचे. तुमचा माणूसच ओरडतोय, मोडकी चालेल, तुटकी चालेल.”

“अगं, मोडकी चालेल, पण गाडी तर हवी ना! ह्याला गाडी म्हणतात? ही फळ्यांची खाट झाली. चाकांशिवाय कधी गाडी होते का? शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे.”

“पुन्हा एकदा बोल,” मागून आवाज आला. घोंगडी पांघरलेला एक माणूस पुढे सरकला होता.

“शंभरदा बोलेन. चाकांशिवाय गाडी होत नाही.”

त्या माणसाने घोंगडी खाली टाकली. समोर खुद्द भुजंगराजे! रायशेट दोन पावलं मागे सरला, पण त्याची जीभ अजून शाबूत होती.

“महाराज, मी... मी जुन्या गाडीबद्दल बोलत होतो. जुन्या गाडीत चाकं धरतात. नव्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.”

राजे येसूकडे वळले. “काय गं, यावर काय म्हणणं आहे?”

“माझं काहीच म्हणणं नाही, महाराज,” येसू हात जोडून म्हणाली. “शेटना एवढंच विचारा, गाडी किती वर्षांची झाली की तिला चाकं फुटतात?”

राजे आधी मिशीतल्या मिशीत हसले. मग हसू आवरेना तेव्हा त्याच साट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. त्यांच्यामागे सगळा बाजार हसला. देवबाही हसला, कितीतरी दिवसांनी.

हसून झाल्यावर राजांनी तिथेच हुकूम सोडला. ज्यांनी ज्यांनी रायशेटकडून गाडी घेतली, त्यांना चाकांचे, जुवाचे, निघाईचे आणि लिंबू-मिरचीचेही पैसे परत. यापुढे बाजारात गाडी उभी करायची ती चाकांवर, आणि भाव सांगायचा तो अख्ख्या गाडीचा. देवबाची नवी गाडी रायशेटने स्वतः जोडून, वंगण घालून संध्याकाळच्या आत कुंभारवाड्यात पोचती करायची.

“आणि तुला, पोरी, गाडीला जुंपायला माझ्या गोठ्यातली खिल्लारी बैलजोडी,” राजे म्हणाले.

येसूने वाकून मुजरा केला आणि हळूच विचारलं, “पायांसकट ना, महाराज?”