मोडलेल्या जिल्ह्याचा शिक्का

जिल्हाच मोडला, तर त्याने दिलेला शब्द कुणी पाळायचा? जर्मनीतल्या एका खेड्यातल्या वेंडेलिनला याचं उत्तर कुणीच दिलं नाही. थोरला भाऊ कास्पार परवा गेला. बंद दफनभूमीत आईबापांशेजारी जागा देणारा, जुन्या जिल्ह्याने कास्पारला दिलेला खास परवाना घेऊन वेंडेलिन सकाळपासून कचेरीच्या चार खिडक्या हिंडला.

नव्या जिल्ह्याचे साहेब खेकसले, "जुना जिल्हा आमच्यात विलीन झाला. त्याचा एकही कागद चालत नाही! आणि दफनभूमी बंद आहे, हा बघ हुकूम."

वेंडेलिनने हुकमावर बोट आपटलं. "शिक्का त्याच मोडलेल्या जिल्ह्याचा, साहेब! दोन्ही कागद चालवा, नाहीतर दोन्ही फाडा. माझा भाऊ तिथेच जातो."

साहेबांनी परवाना ओढून घेतला आणि त्यावर नव्या जिल्ह्याचा शिक्का मारला. संध्याकाळी वेंडेलिनने कुणालाही फावड्याला हात लावू दिला नाही. आईबापांशेजारी भावाची कबर त्याने एकट्याने खणली.