राखीव फ्रिक्वेन्सीवरचा चोर

“चोर सापडला, सर! तक्रार धाडू ना?”

शाल्मलीचा आवाज खोलीभर घुमला.

वेंगुर्ल्याजवळच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं ते केंद्र रेडिओ लहरींवर आकाशातून पहारा ठेवायचं. तीन चिमुकले उपग्रह वरून जात. खाली कोण, कुठून, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय, ते टिपून पाठवत. त्यांची सगळी प्रणाली शाल्मलीनं लिहिली होती. आणि शाल्मलीला घडवलं होतं होडावडेकर सरांनी.

“कसला चोर?” सरांनी विचारलं.

“ही फ्रिक्वेन्सी राखीव आहे, सर. तिथं बोलायची कुणाला परवानगी नाही. आणि हा खुशाल भर समुद्रातून बोलतोय! हा बघा आलेख.”

“काय बोलतोय?”

“ते कशाला हवं? परवाना नाही... एवढं पुरे.”

सर उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तिच्या पडद्यावर टाकला. हेडफोन तिच्या पुढ्यात ठेवला.

शाल्मलीला राग आला. तरी तिनं तो कानाला लावला.

“नुसती खरखर. मधेच टक टक. शब्द नाहीतच.”

“मग?”

“मग थांबतो. परत टक टक. परत थांबतो...”

“चोर कशाला थांबेल गं?”

ती डोळे मिटून ऐकत राहिली...

तिनं झटकन डोळे उघडले.

“सर... तो उत्तराची वाट बघतोय!”

पुढच्याच क्षणी ती तटरक्षक दलाला फोनवर जागा सांगत होती.

दुपारी निरोप आला. इंजिन बंद पडून भरकटलेला मासेमारीचा ट्रॉलर. वायरलेस मोडलेला. माईक गेला होता, चॅनेल अडकलं होतं, बोलायचं बटण तेवढं चालत होतं. बोटीचा म्होरक्या तांडेल तेच दाबत राहिला होता.

सगळे खलाशी जिवंत होते!

केंद्रात एकच जल्लोष झाला. कुणी टेबलं बडवली, कुणी गोड खाजं वाटलं. शाल्मली हसत होती आणि डोळे पुसत होती.

संध्याकाळी उपग्रह पुन्हा डोक्यावरून गेले. तिनं घाईघाईनं तीच फ्रिक्वेन्सी लावली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

“काय ऐकू येतंय?” सरांनी विचारलं.

“काही नाही, सर!” ती आनंदानं ओरडली. “अगदी काहीच नाही!”

सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“मग आवाज वाढव, पोरी. सगळ्यांना ऐकू दे.”