झाकणावरचा मान

त्या राज्यात सगळ्यांचे धान्य एकाच पेवात साठवले जाई. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार, वर दगडी झाकण. सुगीला प्रत्येकाने आपला वाटा त्यात टाकायचा आणि पावसाळ्यात गरजेपुरता परत घ्यायचा, असा रिवाज होता. पेवाची राखण घुशींकडे होती, कारण खणायचे काम त्यांच्याइतके कोणाला जमत नसे. घुशींवर लक्ष ठेवायला बैलांची सभा होती.

सभेची तपासणीची पद्धत जुनी होती. उन्हाळा सरताना थोरला बैल ढवळ्या झाकणावर खूर आपटी. आवाज भरीव आला की सारे बैल माना डोलवत आणि तपासणी पुरी होई. झाकण उघडून पाहावे असे कोणाला सुचले नव्हते. सुचले असते तरी तसे बोलून दाखवणे शिष्टाचारात बसत नव्हते.

त्या राज्यात एक लावी होती. जमिनीवर घरटे करणारा मूठभर पक्षी तो. सुगीत तिने चोच दुखेपर्यंत दाणे वाहिले आणि पावसाळ्यात तिच्या वाट्याला कोंडा आला. दाणे खालच्या थरात आहेत, एवढेच घुशींनी सांगितले. तिची दोन पिले गेली, एक उरले.

पुढच्या तपासणीला ती स्वतः जाऊन उभी राहिली. खूर पडला आणि रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. तिला तो स्वच्छ ऐकू आला. बैलांना आला नाही, कारण त्यांच्या गळ्यात घुंगरमाळा वाजत होत्या. माळा घुशींनीच भेट दिलेल्या होत्या. लावीने झाकण उघडा म्हटले, तेव्हा ढवळ्या समजुतीने म्हणाला, "बाई, उघडून बघायचं म्हणजे आपल्याच माणसांवर संशय घेतल्यासारखं होतं."

लावीचा संताप झाला. ती दारोदार फिरली. कुंपणच शेत खाते आहे, हे साळिंदराला पटले, मग कासवाला, मग सशांना आणि घोरपडीला. सगळ्यांनी पेवाभोवती ठाण मांडले. नवव्या दिवशी सभा नमली. यापुढे तपासणीत प्रजाही सहभागी होईल, असा ठराव झाला. त्या दिवशी लावीने पिलाला सांगितले की पुढच्या पावसाळ्यापासून तू उपाशी राहणार नाहीस.

प्रजेला बसवायचे कुठे, हा प्रश्न आला, तेव्हा थोरली घूस अदबीने म्हणाली, "जितकं जवळ, तितकं बरं." घुशींनी झाकणावरच मातीचे ओटे घातले, वर गवताच्या गाद्या अंथरल्या. लावीने झाकणाचा विषय पुन्हा काढला, तर मानकऱ्यांना उठवून झाकण कसे उघडायचे, असे उत्तर मिळाले. कासवालाही ते बरोबर वाटले. उन्हात जन्म गेलेला बिचारा, पहिल्यांदाच गादीवर बसला होता.

पुन्हा उन्हाळा सरला. ढवळ्याने खूर आपटला. झाकणावर इतके जण दाटीने बसलेले, वर मातीचे जाड ओटे. आवाज चांगला भरीव आला. बैलांनी माना डोलवल्या. शेजारी साळिंदरही डोलवत होते.

लावीही त्यांच्यातच बसली होती. समोर बांधावर तिचे पिलू मान उंचावून बघत होते.

"उठा," ती सगळ्यांना म्हणाली. "आपण बसलोय म्हणून आवाज भरीव येतोय. सगळे खाली उतरा आणि मग वाजवायला सांगा."

कासवाने मान थोडी बाहेर काढली. "नऊ दिवस बसून मिळवलेली जागा आहे, लावीबाई. उठलो तर परत कोण बसू देईल?"

बाकीचेही उठले नाहीत. लावी एकटीच खाली उतरली, पिलाजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने पुन्हा एकदा वाजवून बघायची विनंती केली. ढवळ्याने तिचे मन मोडले नाही. सगळ्यांसमोर त्याने पुन्हा खूर आपटला.

लावीचे वजन ते किती. आवाजात काही फरक पडला नाही.